सहा आकड्यांचं पाकीट

माझ्या ब्लॉगवर पहिली जाहिरात झळकली ती पोट आठ दिवसांत सपाट करणाऱ्या पट्ट्याची. झळकायला माझी हरकत नव्हती, आमंत्रण मीच दिलं होतं. पण झळकली कुठे, तर 'थोरल्याला मिळे' या लेखाच्या बरोबर मध्यावर. माझ्या सगळ्या लिखाणात तो लेख सर्वांत चांगला आहे. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगेल याची वाट बघण्यात माझी दोन वर्षं गेली.

लेखात एका पाकिटाची हकिकत आहे. मी एकतीस वर्षं पोस्टात पत्रं निवडणारा सॉर्टर होतो, त्यातली शेवटची एकोणीस अपुऱ्या पत्त्यांच्या टेबलावर. कुणालाच न लागणारा पत्ता त्या टेबलावर येतो. तिथल्या माणसाने पाकीट फोडायचं नसतं, बाहेरून जेवढं दिसतं तेवढ्यावरून माणूस हुडकून काढायचा असतो. (इथे एक खुलासा. मी पोस्टमन नव्हतो आणि पोस्टमास्तरही नव्हतो. आमच्या जिन्यातली निम्मी मंडळी मला पहिलं समजतात आणि निम्मी दुसरं, आणि दोन्ही गटांपुढे मी हात टेकले आहेत.) तर एका पाकिटावर एवढंच होतं : 'माझ्या थोरल्याला मिळे. बोटी दुरुस्त करतो. रागावून गेलाय.' अकरा आठवडे शोधून मी तो थोरला काढला. पाकीट हातात घेऊन तो म्हणाला, "अक्षर तिचंच आहे," आणि गोदीच्या पायरीवर मटकन खाली बसला. आता या वाक्यात तो बोलतो आणि बसतो, त्याच्या मधोमध तो पट्टा होता. बांधण्यापूर्वीचं पोट आणि बांधल्यानंतरचं पोट.

हे मी का सोसत होतो, तर मेहुण्यामुळे.

माझा मेहुणा विमा विकतो. माणूस वाईट नाही, पण समोरच्याकडे बघताना तो आपण अजून किती वर्षं टिकू याचा अंदाज घेतोय असं वाटत राहतं. ऑगस्टच्या एका रविवारी तो आला तेव्हा मी गॅलरी ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालत मजकूर सांगत होतो आणि बायको संगणकावर टाइप करत होती. तिने वीस वर्षं टायपिंगचे वर्ग घेतले, आता ती एका वकिलाच्या कचेरीत टायपिंगला जाते. आठवड्यात तिला एकच दिवस मोकळा मिळतो, तो रविवार. म्हणून आमचा ब्लॉग रविवारी लिहिला जातो.

"भाऊजी, हे वाचतं किती जण?" मेहुण्याने विचारलं.

"दिवसाला दीडशे."

"आणि मिळतं काय?"

"समाधान."

"ते कुठल्या बँकेत भरता?"

बायको हसली नाही, पण तिची बोटं थांबली, आणि ते जास्त लागलं. पेन्शन महिन्याच्या बावीस तारखेला मान टाकते हे तिला मेहुण्याने सांगायची गरज नव्हती. मेहुण्याचा प्रस्ताव असा की मी दर रविवारी नऊ वाजता त्याच्याबरोबर बाहेर पडावं. पोस्टातल्या माझ्या जुन्या सोबत्यांची दारं ठोठावावीत. "तुमच्यावर लोकांचा विश्वास आहे भाऊजी. तुम्ही नुसते शेजारी बसा. बोलायचं काम माझं." एकोणीस वर्षं मी लोकांची दारं शोधली ती त्यांचं पत्र त्यांना द्यायला. आता त्याच दारात उभं राहून 'तुम्ही गेल्यावर घरच्यांचं काय' असं विचारणाऱ्याच्या शेजारी बसायचं. आणि रविवार गेला की ब्लॉगही गेला, हे सांगायलाच नको.

"ब्लॉगवर जाहिराती घेतात लोक," बायको म्हणाली. "पैसे मिळतात म्हणे."

"मिळतात ना! मिळवून दाखवा," मेहुणा म्हणाला.

मग बायकोनेच निवाडा केला. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्लॉगचे पैसे बँकेत जमा झाले, तर रविवार माझा. नाही झाले, तर रविवार तिच्या भावाचा. दोघांनी मान हलवली. मेहुण्याने जास्त जोरात हलवली.

जाहिराती घ्याव्यात की नाही यावर सल्ला द्यायला समोरच्या दाराचे ऑडिटरसाहेब आपणहून आले. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण रेघा मारलेलं रजिस्टर अजून बगलेत असतं. त्यांनी पानाच्या मधोमध रेघ ओढली. डावीकडे 'फायदे', उजवीकडे 'तोटे'. डावीकडे लिहिलं : 'एक. पैसे.' मग पेन कानावर ठेवून पाच मिनिटं भिंतीकडे पाहिलं.

"दुसरा फायदा सांगा," ते म्हणाले.

"पैसे आहेत की."

"ते झाले. दुसरा?"

दुसरा काही निघेना. उजवी बाजू मात्र भराभर भरत गेली. वाचकाचा रसभंग. भलत्याच वस्तूंची शिफारस आपल्या नावावर. जाहिरातीकडे डोळा ठेवून लिहायची सवय. कंपनीचे नियम. नियम बदलण्याचा कंपनीचा हक्क. मिळणाऱ्या रकमेची खात्री नाही, आणि त्या रकमेची रोज चौकशी करण्यात जाणारा वेळ. एकूण चौदा तोटे झाले. मी मनातल्या मनात मेहुण्याची बॅग उचलायला लागलो होतो. पण ऑडिटरसाहेबांनी खाली बेरीज न करता शेरा लिहिला : 'संख्येने तोटे अधिक, वजनाने फायदा अधिक. सावधगिरीने पुढे जावे.' आणि सही केली. सही करायची काही आवश्यकता नव्हती.

सावधगिरी त्यांनीच बाळगली, आणि तिथे पहिला दणका बसला. कंपनीचे नियम आमच्या घरात कुणीच वाचले नव्हते. ते ऑडिटरसाहेबांनी वाचले, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पानं. त्यात एक कलम असं की ब्लॉगवाल्याच्या घरच्यांनी आणि ओळखीच्यांनी उगाच जाहिरातींवर बोट लावू नये, तसं आढळल्यास जाहिराती बंद. साहेबांना झोप येईना. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी, सगळ्यांना दिसेल असा एक कागद लागला : 'सूचना. चौथ्या मजल्यावरील गृहस्थांच्या "अपुरा पत्ता" या ब्लॉगवर जाहिराती सुरू झाल्या असून परिचितांनी त्यांवर बोट लावू नये. लावल्यास संबंधितांचे उत्पन्न बंद होईल.'

तोपर्यंत मी ब्लॉग लिहितो हे आमच्या जिन्यात तीन माणसांना माहीत होतं. त्या कागदाने ते अठ्ठावीस बिऱ्हाडांना कळवलं. बोट लावू नये म्हटल्यावर काय होतं ते बघायला प्रत्येकाने एकदा बोट लावून पाहिलं. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी तर पट्टा मागवला. चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं की आपल्या ब्लॉगवर असाधारण हालचाल आढळली आहे, सबब जाहिराती तीन आठवड्यांसाठी थांबवण्यात येत आहेत. ऑडिटरसाहेबांनी रजिस्टर उघडून तोट्यांत पंधरावा तोटा लिहिला : 'शेजारी.' माणूस प्रामाणिक, हे मात्र मान्य केलं पाहिजे.

जाहिराती परत सुरू झाल्या, थोडेथोडे पैसे कंपनीकडे साठू लागले, आणि मग कंपनीने कळवलं की पैसे पाठवण्याआधी आपला पत्ता खरा आहे याची खात्री करावी लागेल. आम्ही आपल्या पत्त्यावर सहा आकडे छापलेलं पाकीट पाठवू. ते आकडे ब्लॉगच्या खात्यात भरले की पैसे मोकळे होतील. पाकीट पोस्टाने येईल. पाकिटं तीनच वेळा पाठवली जातील.

'पोस्टाने' हा शब्द वाचला आणि मी खुर्चीतून उठलो. सगळा व्यवहार हवेतून करणाऱ्या या अवाढव्य कंपनीला अखेर माझ्या खात्याचेच पाय धरावे लागले होते! मी बायकोला म्हटलं, "पत्त्याचा अर्ज उघड. मी सांगतो, तू टाइप कर."

चांगला पत्ता कसा असावा हे माझ्याइतकं कळणारा माणूस आमच्या गावात दुसरा नसेल. मी सांगायला सुरुवात केली. आधी माझं पूर्ण नाव. मग 'निवृत्त वरिष्ठ सॉर्टर, अपुऱ्या पत्त्यांचे टेबल, मुख्य पोस्ट ऑफिस'. म्हणजे पोस्टमनला कळावं की पाकीट कुणाचं आहे. मग इमारत, जिना, मजला, दार कुठल्या हाताला, रस्ता, रस्त्याचं जुनं नाव, औषधाच्या दुकानासमोर, पिवळ्या फाटकाच्या अलीकडे.

"अहो, एवढा लांब?" बायको म्हणाली. "माझ्या मते घराचा नंबर आधी टाकावा."

"अगं, पत्त्याच्या बाबतीत तू मला शिकवू नकोस."

ती काही बोलली नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर न बोलण्याचे इतके प्रकार तयार होतात की त्यांचंच एक वेगळं टेबल लागेल.

तीन आठवडे झाले, पाकीट नाही. पाच झाले. मी रोज दोनदा खाली जाऊन पत्रपेटीत हात घालायचो. पोस्टमन माझ्या हाताखालून गेलेला. त्याला मी जिन्यात गाठलं आणि टपालाच्या ढासळत्या दर्जावर चार शब्द सुनावले. "साहेब, असतं तर दिलं नसतं का?" तो बिचारा म्हणाला. त्याच्या तोंडावर खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं, पण मी तेव्हा तोंड बघायच्या मनःस्थितीत नव्हतो.

दुसरं पाकीट मागवलं. बायको म्हणाली, पत्ता एकदा तपासून बघू. मी म्हटलं, पत्त्यात चूक? माझ्या? उलट या वेळी मी आणखी एक ओळ वाढवली : 'दोन बाकड्यांच्या बागेमागे'. नोव्हेंबर अर्धा सरला. दुसरं पाकीटही आलं नाही. मेहुणा मात्र न चुकता येत होता. एका रविवारी त्याने माझ्या गळ्याचं माप घेतलं. "टाय लागेल ना, भाऊजी," म्हणाला.

तिसरं पाकीट मागवायला मी मशीनकडे हात नेला तेव्हा बायकोने तो धरला. "हे शेवटचं आहे. आधीची दोन कुठे गेली ते कळल्याशिवाय मी टाइप करणार नाही. जा, ऑफिसात जाऊन विचारा."

गेलो. ज्या इमारतीत मी एकतीस वर्षं मागच्या दाराने शिरलो, तिथे पुढच्या दाराने शिरून खिडकीसमोर रांगेत उभा राहिलो. काचेपलीकडच्या नव्या माणसाने मान वर न करता एक अर्ज सरकवला. सातव्या रकान्यात लिहिलं होतं : पाठवणाऱ्याची पावती जोडा.

"पाठवणारी मोठी कंपनी आहे. तिची पावती माझ्याकडे कशी असेल?"

"मग कंपनीला तक्रार करायला सांगा."

"हे बघा, मी इथेच होतो. एकतीस वर्षं."

"मग तुम्हाला नियम माहीतच आहेत," तो म्हणाला आणि माझ्या मागच्या बाईंना पुढे बोलावलं.

नियम मला चांगलाच माहीत होता. सातवा रकाना अकरा वर्षांपूर्वी माझ्याच सूचनेवरून घातला गेला होता, आणि त्याबद्दल मला एक प्रशस्तिपत्रकही मिळालं होतं. मी बाकावर बसलो. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. पैशांचं एवढं नव्हतं. लोकांची हजारो पत्रं मी पोचवली आणि माझं एक मला पोचेना, याचं वाईट वाटत होतं.

"सर! तुम्ही इथे बाहेर काय करताय?"

माझ्या जागेवर आलेली बाई समोर उभी होती. तिला मी आठ महिने हाताशी धरून काम शिकवलं. तिने मला आत नेलं, माझ्याच टेबलापाशी, पण पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं. मी पाकिटाची गोष्ट काढली तशी तिचा चेहरा उजळला. खणातून तिने एक पांढरं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. वर माझं नाव. खाली 'निवृत्त वरिष्ठ सॉर्टर, अपु'. त्याखाली नुसतं गावाचं नाव. बस. इमारत नाही, जिना नाही, फाटक नाही. अर्जातली चौकट ठराविक अक्षरांपलीकडे घेतच नव्हती, पुढचं सगळं तिने कापून टाकलं होतं. गावाची चौकट वेगळी, म्हणून तेवढं वाचलं होतं.

"पहिलं असंच आलं होतं, मुदत संपली म्हणून परत पाठवलं," ती म्हणाली. "हे उद्या जाणार होतं."

"अगं पण बाई, माझं नाव तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना सर. पण या नावाचे निवृत्त वरिष्ठ सॉर्टर दोन आहेत. तुम्ही आणि ते पार्सल विभागातले. आणि तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलंत, ओळखीवरून पत्र द्यायचं नाही. पत्ता पाकिटावर वाचायचा, आपल्या डोक्यात वाचायचा नाही." हे ती इतक्या अभिमानाने म्हणाली की मला तिला शाबासकी द्यावी की तिथेच कपाळ बडवून घ्यावं ते कळेना.

माझा हा नामसखा म्हणजे नोकरीभर माझ्या जिवाला लागलेला घोर. माझ्या बढतीचं पत्र एकदा त्याने उघडलं होतं. आता हे पाकीट त्याचं नसून माझं आहे, हे सिद्ध केल्याशिवाय ते मिळणार नव्हतं, आणि नियम मोडून दे असं मी माझ्याच शिष्येला कुठल्या तोंडाने सांगणार? आणि जर ते परत गेलं तर उरणार एक पाकीट आणि चार रविवार.

मी चष्मा पुसला. पाकीट उचलून खिडकीच्या उजेडात धरलं, नोकरीत एकोणीस वर्षं धरत होतो तसंच. आणि त्या क्षणी मी रडकुंडीला आलेला माणूस राहिलो नाही, टेबलावरचा माणूस झालो.

"हे शेवटचं 'अपु' काय आहे?" मी विचारलं.

"कुठल्यातरी बंगल्याचं नाव असेल, असं मला वाटलं."

"हुद्द्यानंतर स्वल्पविराम आहे. स्वल्पविरामानंतर बंगला येईल की विभाग?"

तिने पाकीट जवळ ओढलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावर लावलेल्या पाटीकडे पाहिलं. "अपुऱ्या पत्त्यांचे टेबल!" ती ओरडली. "ते पार्सलवाले या टेबलावर कधी नव्हतेच!" मी पेन्शनचं पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं. शेवटचा विभाग त्यात छापलेला होता. तिने रजिस्टरमध्ये नोंद केली, माझी सही घेतली आणि पाकीट दोन्ही हातांनी मला दिलं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली. एकाने टाळ्या वाजवल्या. मी नको नको म्हणालो, पण फार हळू.

निघताना खणात माझी नजर गेली. तशाच पांढऱ्या पाकिटांचा गठ्ठा होता. एकसष्ट पाकिटं, त्याच कंपनीची, सगळ्यांचे पत्ते एकाच ठिकाणी कापलेले.

"ही कुणाचीच लागत नाहीत सर," बाई म्हणाली.

म्हणजे आमच्या गावात आणखी एकसष्ट माणसं माझ्यासारखीच रोज पत्रपेटीत हात घालत होती. त्यांचेही कुणी मेहुणे असतील. मी कोट खुर्चीवर टांगला.

चार दिवस मी तिथे बसलो, फुकट. पाकिटं वाचता वाचता माझी मान खाली जात गेली. एकावर होतं 'माजी मुख्याध्यापक, माजी अध्यक्ष, ज्येष्ठ सभास'. दुसऱ्यावर 'संगीत विशारद, सुवर्णपदक विजेत्या, दूरध्व'. तिसऱ्याने बापाचं, आजाचं आणि घराचं नाव लिहिता लिहिता जागा संपवली होती. माणसाला पत्ता विचारला की तो आपण कोण ते आधी सांगतो, कुठे राहतो हे मागून. आणि यात पहिला नंबर माझा. बायकोने घराचा नंबर आधी टाका म्हटलं होतं, तेव्हा मी तिला गप्प केलं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी घरी जाऊन मी तिला हे सरळ सांगितलं. "चुकलो," म्हणालो. ती म्हणाली, "ते मला सप्टेंबरातच माहीत होतं," आणि मशीनपाशी बसली. मी पाकिटातले आकडे वाचले, तिने ते एकेक करून भरले. पडद्यावर हिरवी खूण आली.

हिरव्या खुणेखाली मात्र एक ओळ होती : किमान रक्कम पूर्ण झाल्यावर आठ दिवसांत पैसे जमा होतील. तीन आठवडे जाहिराती बंद राहिल्यामुळे रक्कम भरायला अजून बरंच हवं होतं. ऑडिटरसाहेबांनी आकडेमोड केली आणि म्हणाले, "होईल. काठावर होईल. तुमचा तो गोदीचा लेख सगळ्यांत जास्त वाचला जातो, निम्मे पैसे एकट्या पट्ट्याचे आहेत. तिथे हात लावू नका."

नेमका त्याच आठवड्यात एका जुन्या वाचक बाईंचा निरोप आला. त्या निवृत्त परिचारिका, माझा प्रत्येक लेख वाचतात. त्यांनी लिहिलं होतं : 'माझा मुलगा नऊ वर्षं बोलत नाही. मी तुमचा गोदीचा लेख अधूनमधून काढून वाचते. आता तो मुलगा पायरीवर बसायच्या आधी मध्येच एक पोट येतं. तुमची अडचण असेल, समजते. तरी कळवलं.'

मी ते दोनदा वाचलं. मग बायकोला वाचायला दिलं. ऑडिटरसाहेब रजिस्टर उघडून उभे होते. "रविवार जातील बरं का," ते म्हणाले.

"जाऊ देत," मी म्हटलं. माझा आवाज काही फार ठाम नव्हता.

"काढा तो पट्टा," बायको म्हणाली. "नाही, थांबा. तुम्हाला जमणार नाही. मीच काढते." आणि तिने त्या पानावरची जाहिरात कायमची बंद केली. ऑडिटरसाहेबांनी बराच वेळ पेन हवेत धरलं आणि मग काही न लिहिता रजिस्टर मिटलं.

त्या रविवारी, शेवटच्या काही रविवारांतला एक म्हणून, मी एक साधा लेख सांगितला : 'जाहिरातवाल्यांचं पाकीट हवं असेल तर पत्ता कसा लिहावा'. पहिल्या ओळीत घराचा नंबर. दुसरीत रस्ता. फाटक, बाग, दुकान काही नको. हुद्दा तर मुळीच नको, आणि इथे मी माझंच उदाहरण दिलं, 'अपु'सकट. लाज वाटत होती, पण लिहिलं. त्या चार दिवसांत मी एकसष्टपैकी अठ्ठावन्न पाकिटांचे धनी शोधले होते, आणि पाकीट पोचवताना प्रत्येकाला पोस्टमनने या लेखाची चिठ्ठी दिली. मी सुनावलेलं तो विसरला नव्हता, पण माझ्यावरचा राग त्याने चिठ्ठ्यांवर काढला नाही.

या अठ्ठावन्न जणांचं वैशिष्ट्य असं की प्रत्येकाचा स्वतःचा ब्लॉग होता. माजी मुख्याध्यापकांनी आपल्या ब्लॉगवर माझ्या लेखाचा दुवा दिला. संगीत विशारद बाईंनी दिला. कुणी किड्यांवर लिहायचं, कुणी जुन्या कुलपांवर, सगळ्यांनी दिला. तिथून तो दुसऱ्या गावांत गेला, जिथे असेच गठ्ठे पडून होते. जाहिरातींतून कमवायला निघालेल्या प्रत्येक माणसाला ते पाकीट हवंच असतं, आणि प्रत्येक माणसाला आपला हुद्दा लिहायचाच असतो. दिवसाला दीडशे वाचकांचे पंधराशे झाले, मग किती झाले ते बायकोने मला सांगणं बंद केलं, कारण मी मजकूर सोडून आकडेच विचारायला लागलो होतो.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी बरोबर नऊ वाजता मेहुणा आला. बगलेत दोन बॅगा, एक त्याची, एक माझ्यासाठी. हातात टाय. माझ्या नावाची कार्डंसुद्धा छापून आणली होती. मी आदल्या दिवसापर्यंत बँकेत चौकशी केली नव्हती. हिंमतच होत नव्हती. मी निमूटपणे टायला हात घातला.

"ठेवा ते खाली," बायको म्हणाली. तिने फोन भावापुढे धरला. "पैसे शुक्रवारीच जमा झालेत. म्हटलं, तुझ्यासमोरच सांगावं."

मेहुण्याने रक्कम वाचली. परत वाचली. फोन लांब धरून वाचली. मग तो माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागला तीत या वेळी मी किती टिकेन याचा हिशेब नव्हता.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुमच्या त्या पत्त्याच्या लेखावर माझ्या विम्याची एक जाहिरात... रीतसर, पैसे देऊन हं... टाकता येईल का?"

मला खोलीभर नाचावंसं वाटत होतं. मी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "अर्ज दे. विचार करू. फायदे-तोटे बघावे लागतात." आणि त्याच्यापुढे कागद सरकवला.

त्याने पेन उघडलं आणि लिहायला लागला : 'श्री.', नाव, 'सुवर्ण श्रेणी विमा सल्लागार, सलग सात वर्षे विभागात प्र'. मी वाकून बघत होतो. एकवीस वर्षं या माणसाच्या सल्ल्याखाली काढली, एक तरी शब्द बोलायची संधी होती. पण त्याचं डोकं इतकं मन लावून खाली गेलेलं होतं की माझ्याच्याने काही बोलवेना. मी फक्त दुसरा कोरा कागद काढून त्याच्या कोपरापाशी ठेवला.

"चला, साडेनऊ झाले," बायको मशीनपाशी बसत म्हणाली. "सांगा."

मी गॅलरीकडे निघालो आणि पहिलं वाक्य सांगितलं. मशीन टकटकायला लागलं. मेहुणा बॅगा पायाशी ठेवून बसला होता, आणि पुढचे दोन तास तो विम्याचं एक अक्षर बोलला नाही. मध्ये मी एका शब्दापाशी अडलो, तेव्हा हळूच म्हणाला, "मग पुढे काय झालं, भाऊजी?"